सिंगल माल्टची पारख : कर, वय आणि रुची

स्कॉच व्हिस्कीच्या इतिहासाला साधनांची वाण नाही. परवान्यांच्या नोंदी, अबकारी खात्याचे अहवाल, संसदीय समित्यांपुढील साक्षी, व्यापारी पेढ्यांच्या खतावण्या अशी कागदपत्रे विपुल आहेत. परंतु या सर्व साधनांना एक समान मर्यादा आहे. दारू किती गाळली, किती विकली आणि तिच्यावर किती कर बसला हे ती सांगतात; ती चवीला कशी होती हे क्वचितच सांगतात. १४९४ सालच्या स्कॉटिश राजकोषाच्या हिशेबात फ्रायर जॉन कॉर या मठवासीयाला 'ॲक्वा व्हिटी' करण्यासाठी राजाज्ञेने आठ 'बोल' माल्ट दिल्याची नोंद आहे, आणि व्हिस्कीचा आद्य उल्लेख म्हणून ती प्रत्येक ग्रंथात येते. माल्ट दिले एवढेच त्या नोंदीवरून कळते. त्यातून जे निघाले ते कोणी चाखले व त्याला ते कसे वाटले याविषयी ती मुग्ध आहे. पुढे चार शतकांनी, १८८७ साली, ॲल्फ्रेड बार्नार्ड यांनी स्कॉटलंडमधील १२९ आसवन्यांना भेटी देऊन एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्यात इमारती आहेत, यंत्रे आहेत, पाण्याचे झरे आहेत, वार्षिक उत्पादनाचे आकडे आहेत, वाटेवरची निसर्गशोभाही आहे. ज्या पदार्थासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या चवीविषयी मात्र ग्रंथकाराने फार थोडे लिहिले आहे.

ही उणीव केवळ योगायोगाची नव्हे. व्हिस्की चाखून तिचे बरेवाईट ठरविण्याचा अधिकार सामान्य पिणाऱ्याच्या हाती फार उशिरा आला. त्यापूर्वी तो अबकारी अधिकाऱ्याकडे होता, नंतर मिश्रणकाराकडे गेला. आज एखादा ग्राहक दुकानात उभा राहून स्वस्त सिंगल माल्टची बाटली हातात घेतो तेव्हा तो वय पाहतो, प्रदेशाचे नाव पाहतो, मद्यार्काची टक्केवारी पाहतो आणि 'मऊ आहे का' असे विचारतो. या प्रत्येक कसोटीला स्वतंत्र इतिहास आहे, आणि तिच्या जन्माशी पिणाऱ्याच्या जिभेचा संबंध असलाच तर दूरचा आहे. कमी किमतीच्या माल्टला या कसोट्या न्याय देतात काय, हा प्रश्न त्यामुळे रुचीचा जितका आहे तितकाच इतिहासाचाही आहे.

प्रथम व्याख्या स्पष्ट केली पाहिजे. सिंगल माल्ट म्हणजे एकाच आसवनीत, केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पात्रभट्टीत घाणाघाणाने गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपांत किमान तीन वर्षे मुरलेली व्हिस्की. बाटलीत तिची तीव्रता ४० टक्क्यांहून कमी असता कामा नये. 'सिंगल' हा शब्द आसवनीला लागतो, पिंपाला नव्हे. शेकडो पिंपांतील द्रव एकत्र करूनही ती सिंगल माल्टच राहते, मात्र ती पिंपे एकाच आसवनीची असली पाहिजेत. या व्याख्येतील बहुतेक अटी विसाव्या शतकातील आहेत.

मद्याची पारख सर्वप्रथम पद्धतशीरपणे केली ती करवसुली करणाऱ्याने. त्याला चवीशी कर्तव्य नव्हते. दारूत मद्यार्क किती हे त्याला हवे होते. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवावयाची, आणि ती पेटली तर मद्य 'प्रूफ'ला उतरले असे मानावयाचे, ही जुनी रीत सर्वपरिचित आहे. हायड्रोमीटर आल्यावर ती मागे पडली. १८१६ च्या कायद्याने बार्थोलोम्यू साइक्स याच्या हायड्रोमीटरला मान्यता मिळाली आणि प्रूफचे माप निश्चित झाले. आजच्या भाषेत ते सुमारे ५७.१ टक्के होते. ब्रिटनने हे माप १९८० मध्ये सोडले. भारतात मात्र त्याचा अंमल अद्याप सरलेला नाही. येथील व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा चमत्कारिक अपूर्णांक छापलेला असतो. तो ५७.१ च्या तीन-चतुर्थांशाएवढा, म्हणजे साइक्सच्या मापातील ७५ अंश प्रूफ होय. आणि महाराष्ट्राच्या अबकारी हिशेबात 'प्रूफ लिटर' हा शब्द आजही रूढ आहे. स्कॉचचा ४० टक्के हा आकडाही याच कुळातला. ७० अंश प्रूफ म्हणजे ४० टक्के. पहिल्या महायुद्धात धान्य वाचावे व कामगारांचे मद्यपान आवरावे म्हणून सरकारने ही तीव्रता लादली. युद्ध संपले, सवय राहिली. चाळीस टक्क्यांवरच व्हिस्की उत्तम लागते असे कोणी चाखून ठरविले, असा पुरावा नाही.

कराने दारूचे माप ठरविले तसे तिची चवही घडविली. अठराव्या शतकाच्या अखेरचा काळ या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १७८४ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या नकाशावर एक रेषा ओढून तिच्या वरचा डोंगराळ प्रदेश व खालचा सखल प्रदेश यांना निरनिराळे कर लावले. लवकरच सखल प्रदेशात प्रत्यक्ष गाळलेल्या दारूऐवजी भट्टीच्या आकारमानावर वार्षिक कर बसू लागला. याचा परिणाम ओळखणे कठीण नाही. वर्षाकाठी ठरावीक रक्कम भरली की भट्टी जितक्या वेळा भरावी व उपसावी तितका लाभ. म्हणून आसवकांनी उथळ, पसरट भट्ट्या बनविल्या. पूर्वी ज्या कामाला तासचे तास लागत ते काही मिनिटांत उरकू लागले. घाईने गाळलेल्या दारूत जे राहू नये ते राहते. त्यातच माल्टवरील करामुळे या आसवकांनी न भिजविलेले, मोड न आणलेले धान्य मोठ्या प्रमाणात वापरण्यास आरंभ केला होता. सखल प्रदेशाची कायदेशीर व्हिस्की अशा रीतीने उग्र व बेचव झाली, आणि डोंगरातील चोरट्या भट्टीवर लहान पात्रात, सावकाश, निव्वळ माल्टपासून गाळलेल्या दारूची कीर्ती वाढली. आज 'हायलँड' किंवा 'आयला' ही प्रदेशनामे एखाद्या भूमीचा अंगभूत गुण सांगतात असे ग्राहक मानतो. मातीपाण्याचा वाटा कोणी नाकारू नये. तथापि हायलँड व लोलँड यांच्यातील सीमा प्रथम आखली ती करखात्याने, आणि दोन्ही बाजूंची चव विलग झाली ती बव्हंशी तिच्या परिणामी.

त्या काळच्या अभिजनांची रुची कशी होती याचा एक दुर्मीळ पुरावा एलिझाबेथ ग्रँट या रॉथिमर्कस येथील स्त्रीच्या आठवणींत सापडतो. १८२२ मध्ये राजे चौथे जॉर्ज एडिंबरोस आले असता त्यांच्यासाठी ग्लेनलिव्हेटच्या अस्सल व्हिस्कीचा शोध सुरू झाला, आणि ग्रँट कुटुंबाच्या तळघरातील ठेवणीतला साठा तिकडे रवाना करावा लागला. पुष्कळ काळ लाकडात मुरलेली, सौम्य आणि तरीही चोरट्या भट्टीचा खास वास राखणारी, असे तिचे वर्णन लेखिकेने केले आहे. राजाच्या नावाने अंमल करणाऱ्या दरबाराला राजाच्याच कायद्याने निषिद्ध ठरविलेला माल हवा होता, ही गोष्ट सर्वांनी चवीने सांगितली आहे. इतिहासकाराला अधिक महत्त्वाचे हे की लाकडात मुरणे व सौम्यपणा या दोन कसोट्या १८२२ मध्येच एकत्र आढळतात. अर्थात या आठवणी दोन दशकांहून अधिक काळानंतर लिहिल्या गेल्या आणि १८९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या, हे विसरून चालणार नाही. लेखिकेने या भेटीचा संबंध आपल्या वडिलांना पुढे हिंदुस्थानात मिळालेल्या न्यायाधीशपदाशी जोडला आहे. ते वडील म्हणजे सर जॉन पीटर ग्रँट. पुण्याच्या मोरो रघुनाथ प्रकरणी गव्हर्नर माल्कम यांच्याशी तंटा होऊन १८२९ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे कामकाज ज्यांनी बंद ठेवले तेच हे न्यायमूर्ती. मुंबईच्या न्यायेतिहासातील या प्रसिद्ध प्रसंगाचे एक मूळ ग्लेनलिव्हेटच्या पिंपात शोधावे की काय, हा प्रश्न विनोदाचा म्हणून सोडून द्यावा.

१८२३ च्या कायद्याने चित्र पालटले. चाळीस गॅलनांहून मोठ्या भट्टीला दहा पौंडांचा वार्षिक परवाना आणि प्रत्यक्ष गाळलेल्या दारूवर माफक कर, अशी व्यवस्था झाल्यावर सावकाश गाळणे कायदेशीर आसवकालाही परवडू लागले. पुढच्याच वर्षी जॉर्ज स्मिथ याने ग्लेनलिव्हेट येथे परवाना काढला. शेजारच्या चोरट्या आसवकांच्या धाकामुळे तो पिस्तुले बाळगून फिरत असे. ग्लेनलिव्हेट हे नाव लवकरच गुणवत्तेचे पर्यायवाचक बनले, आणि त्या दरीपासून कोसो दूर असलेल्या आसवन्याही ते लावू लागल्या. १८८४ मध्ये हा वाद मिटला तेव्हा इतरांना ते नाव आपल्या नावाला जोडून वापरण्याची मुभा मिळाली. एकटे व मोकळे नाव स्मिथच्या घराण्याकडे राहिले. नावाला भाव येतो, आणि भाव आला की नावाची वाटणी होते, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

दरम्यान पारख करणारा दुसरा अधिकारी पुढे येत होता. अबकारी खात्यातील निवृत्त अधिकारी ईनिअस कॉफी याने १८३० मध्ये अखंड चालणाऱ्या स्तंभभट्टीचे एकस्व मिळविले. तिच्यातून धान्याची हलकी, स्वस्त दारू अहोरात्र वाहू लागली. १८५३ मध्ये अँड्र्यू अशर याने निरनिराळ्या माल्टचे मिश्रण बाजारात आणले, आणि १८६० च्या कायद्याने सरकारी वखारीत माल्ट व धान्याची दारू एकत्र करण्यास परवानगी दिली. येथून मिश्र व्हिस्कीचे युग सुरू होते. फ्रान्समधील द्राक्षवेलींवर कीड पडून ब्रँडी दुर्मीळ झाली, त्याचाही तिला लाभ झाला. एकेकट्या माल्टला ग्राहक उरला तो म्हणजे मिश्रणकार. तो माल्ट पीत नसे, हुंगत असे. तीव्रता सुमारे वीस टक्क्यांवर येईपर्यंत पाणी मिसळून, ट्यूलिपच्या कळीसारख्या चिंचोळ्या पेल्यात नाक घालून तो निर्णय देई, आणि रंगाचा मोह पडू नये म्हणून पुष्कळदा पेला निळ्या काचेचा असे. माल्टची प्रतवारी लावताना 'एकट्याने पिण्यास हे कसे?' असा त्याचा प्रश्न नसे. 'मिश्रणात हे इतरांना काय देईल?' असा असे. आयलाच्या धुरकट माल्टला या प्रतवारीत मसाल्याचे स्थान होते: चिमूटभर आवश्यक, मूठभर घातक. आज त्याच माल्टसाठी रसिक रांगा लावतात. प्रतवारी तीच धरून बसले असते तर हा पालट कोणाला कळलाही नसता.

मिश्रणकाराच्या नाकावर विश्वास ठेवण्यावाचून ग्राहकाला गत्यंतर नव्हते, आणि त्या विश्वासाचा दुरुपयोगही झाला. लीथ येथील पॅटिसन बंधूंची पेढी डिसेंबर १८९८ मध्ये कोसळली. पुढे १९०१ मध्ये त्यांना शिक्षा झाली. हलक्या दारूत नावापुरता चांगला माल्ट मिसळून ती उत्तम, जुनी ग्लेनलिव्हेट म्हणून विकणे हा त्यांच्यावरील आरोपांपैकी एक. ती व्हिस्की पिणाऱ्यांनी आधी तक्रार केल्याचे दिसत नाही. फसवणूक उघडकीस आली ती हिशेबाच्या वह्यांतून.

यानंतरचा प्रश्न अपरिहार्य होता: मुळात व्हिस्की म्हणावयाचे कशाला? लंडनच्या इझलिंग्टन भागातील नगरपरिषदेने १९०५ मध्ये काही विक्रेत्यांवर खटले भरले. ग्राहकाने व्हिस्की मागितली असता मुख्यतः स्तंभभट्टीची दारू दिली, म्हणजे मागितले एक व दिले दुसरे, असा आरोप होता. दंडाधिकाऱ्याने १९०६ मध्ये विक्रेत्यांविरुद्ध निकाल दिला. अपिलात मते समसमान पडली. अखेर १९०८ मध्ये लॉर्ड जेम्स ऑफ हेरफर्ड यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमण्यात आला. १९०९ च्या अहवालात आयोगाने दोन्ही प्रकारच्या भट्ट्यांतील दारूला व्हिस्की हे नाव देऊ केले, आणि मुरविण्याचा किमान काळ कायद्याने ठरविण्याची शिफारस करण्यास नकार दिला. आयोगाचा निर्णय व्यापाराच्या बाजूने झुकला अशी टीका माल्टच्या पक्षपात्यांनी दीर्घकाळ केली, व ती सर्वस्वी निराधार नव्हती. पण आयोगापुढील अडचणही खरी होती. निरनिराळ्या भट्टीची, निरनिराळ्या धान्याची, निरनिराळ्या पिंपात मुरलेली दारू एकाच वर्षसंख्येने चांगली होते असे सिद्ध करणारा साक्षीदार त्याला मिळाला नाही.

तरीही सहा वर्षांत वयाची अट आली, आणि ती रसनेच्या वाटेने आली नाही. १९१५ मध्ये लॉइड जॉर्ज यांना युद्धकाळात मद्यपान आवरावयाचे होते. संपूर्ण बंदी किंवा जबर कर यांऐवजी व्यापाऱ्यांनी वेगळा मार्ग सुचविला: न मुरलेली दारू विकण्यास मनाई करावी. कायदा झाला, प्रथम दोन वर्षांची व लगेच १९१६ पासून तीन वर्षांची अट लागू झाली. ज्यांच्याजवळ जुना साठा होता त्या मोठ्या पेढ्यांना तो कायदा सोयीचाच होता. 'जितके वय अधिक तितकी व्हिस्की उत्तम' हे सूत्र पुढे जाहिरातींनी रूढ केले. परंतु त्याची कायदेशीर बैठक युद्धकालीन संयमनात आणि साठेदारांच्या हितात आहे. ही उत्पत्ती कळल्यावर स्वस्त, तरुण माल्टकडे पाहण्याची दृष्टी बदलावयास हवी.

पिणारा स्वतः परीक्षक म्हणून प्रथम बोलू लागला तो साहित्यिकांच्या रूपाने, ही बाब विद्यापीठीय वाचकाला कौतुकाची वाटेल. एडिंबरो विद्यापीठात १८९५ ते १९१५ पर्यंत अलंकारशास्त्र व इंग्रजी साहित्य शिकविणारे जॉर्ज सेंट्सबरी यांनी १९२० मध्ये आपल्या तळघराच्या टिपणांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. क्लाइनलिश, ग्लेनलिव्हेट, ग्लेन ग्रँट, टॅलिस्कर आणि आयलातील एखादा माल्ट यांची नावे त्यांनी गुणज्ञतेने घेतली. घरी एक पिंप ठेवून त्यात माल्ट भरीत राहावे, ते कधी पूर्ण रिते होऊ देऊ नये, अशी त्यांची पद्धत होती. स्तंभभट्टीच्या दारूविषयी त्यांना आदर नव्हता. १९३० मध्ये जॉर्ज माल्कम टॉमसन यांनी ईनिअस मॅक्डोनल्ड या टोपणनावाने एक छोटे पुस्तक लिहिले. व्हिस्कीच्या ऱ्हासाचा दोष त्यांनी व्यापाऱ्याइतकाच बेफिकीर पिणाऱ्यालाही दिला. १९३५ मध्ये कादंबरीकार नील गन यांनी लिहिले. ते स्वतः इन्व्हर्नेसच्या एका आसवनीत अबकारी अधिकारी होते, म्हणजे जुना व नवा परीक्षक एकाच व्यक्तीत वसत होते. या तिघांनी वाइनच्या परीक्षेची भाषा व्हिस्कीला लावली. त्यांचा प्रभाव मात्र मर्यादित राहिला. कारण स्कॉटलंडबाहेर सामान्य माणसाला सिंगल माल्ट सहसा मिळतच नसे.

तो सामान्य माणसाला मिळाला, आणि परवडणाऱ्या दरात मिळाला, तो आश्चर्य वाटावे अशा देशात. १९६१ मध्ये मिलानचे व्यापारी आर्मांदो जोव्हिनेत्ती स्पेसाइडमधील रोथेस गावच्या ग्लेन ग्रँट आसवनीत गेले आणि तेथील माल्ट त्यांनी इटलीत नेण्यास आरंभ केला. इटलीत लोकप्रिय झाली ती या आसवनीची पाच वर्षांची व्हिस्की: फिक्या रंगाची, हलकी, कोवळी. स्कॉटलंडमधील जाणत्यांच्या दृष्टीने पाच वर्षांची माल्ट बाटलीत भरणे हे अडाणीपणाचे लक्षण ठरले असते. इटालियन ग्राहकाला हा पूर्वग्रह ठाऊक नव्हता. त्याला ती आवडली, त्याने ती वर्षानुवर्षे विकत घेतली.

हा प्रकार केवळ व्यापारी चातुर्य म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच्या मुळाशी आसवनाचे शास्त्र आहे. ग्लेन ग्रँटची स्थापना १८४० मध्ये जॉन व जेम्स ग्रँट या बंधूंनी केली. दुसऱ्या पिढीतील मेजर जेम्स ग्रँट यांच्या काळापासून तेथील भट्ट्या उंच मानेच्या असून त्यांना शुद्धिपात्रे जोडलेली आहेत. वाफ वर चढताना तिचा जड भाग थंड होऊन पुन्हा भट्टीत पडतो, आणि पुढे जाते ती तुलनेने हलकी, फळांच्या वासाची दारू. तांब्याशी अधिक काळ संपर्क आल्याने गंधकाचे उग्र घटकही कमी होतात. अशा दारूत मुरवून घालवावे असे थोडेच असते. म्हणून ती लवकर तयार होते. उलट आखूड, जाड भट्टीतून निघालेली मांसल दारू पाचव्या वर्षी पिववत नाही आणि पंधराव्या वर्षी मोहून टाकते. एकच वयाचे माप दोन्हींना लावणे म्हणजे आंबा व फणस यांना पिकण्यास सारखेच दिवस लागावेत असा आग्रह धरणे होय. शाही आयोगाला १९०९ मध्ये जे सिद्ध करता आले नाही ते का आले नाही, याचे उत्तर मिलानच्या बाजाराने दिले.

१९६३ मध्ये ग्लेनफिडिक आसवनीने स्कॉटलंडबाहेर सिंगल माल्टचा जाहीर प्रसार सुरू केल्यावर इतिहासाने वेग घेतला. १९७९ मध्ये पेंटलँड्स येथील संशोधकांनी चवीच्या शब्दावलीचे चक्र प्रसिद्ध केले. त्यामुळे नासपतीचा, व्हॅनिलाचा, धुराचा वास अशा वर्णनांना प्रयोगशाळेचा आधार लाभला. १९८८ मध्ये सहा प्रदेशांचे सहा माल्ट एका संचात विक्रीस आले. १९८९ मध्ये मायकेल जॅक्सन यांनी आपल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक माल्टला शंभरपैकी गुण दिले. गुणांकनाने नवशिक्याची सोय झाली यात शंका नाही. पण चक्र व गुणपत्रिका यांत फरक आहे. चक्र काय लागते हे सांगते, आणि त्याची फेरतपासणी करता येते. गुणपत्रिका किती आवडले हे सांगते आणि ते मोजमाप असल्याचा आव आणते. दोन गुणांच्या फरकाने बाटलीची किंमत दुप्पट होते तेव्हा हा भेद क्षुल्लक राहत नाही.

किंमत ही गुणवत्तेची साक्ष देते असे मानणाऱ्यांनी १९८३ साल आठवावे. अतिउत्पादनामुळे डिस्टिलर्स कंपनीने त्या वर्षी अकरा आसवन्या बंद केल्या. त्यांत आयलाची पोर्ट एलन व सदरलँडची ब्रोरा होती. मिश्रणाला नको असलेला हा माल्ट त्या वेळी कोणाला नको होता. पुढे त्याच पिंपांतील बाटल्या हजारो पौंडांना विकल्या गेल्या, आणि ब्रोरा २०२१ मध्ये व पोर्ट एलन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. पिंपातील द्रव मुरला हे खरे, परंतु किमतीतील वाढ मुरण्याने झालेली नाही. दुर्मीळपणाने झाली आहे.

मग स्वस्त माल्टमध्ये नेमके काय स्वस्त असते? पहिला घटक काळ. स्कॉटलंडच्या हवेत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. या हिशेबाने पाच वर्षांत दहा टक्क्यांच्या आत व बारा वर्षांत एकवीस टक्क्यांच्या वर घट येते. शिवाय वखारीचे भाडे व अडकलेले भांडवल आहेच. दुसरा घटक पिंप. अमेरिकेने १९३० च्या दशकात बर्बनसाठी नवे, आतून जाळलेले पिंपच वापरले पाहिजे असा नियम केल्यामुळे एकदा वापरलेली पिंपे स्कॉटलंडला मुबलक व स्वस्त मिळू लागली. शेरीचे लाकूड त्यापेक्षा पुष्कळ महाग. १९८० च्या दशकात शेरी पिंपांतून निर्यात होणे थांबल्यावर तर ते मुद्दाम तयार करवून घ्यावे लागते. म्हणून कमी किमतीचा माल्ट बहुधा बर्बनच्या पिंपातला असतो, आणि त्यात व्हॅनिला, नारळ, सफरचंद यांचे वास यावेत हे स्वाभाविक आहे. त्याच्याकडून मनुका व सुपारीसारख्या तुरट गडदपणाची अपेक्षा करून तो नापास करणे अन्याय्य होय.

खरे दोष वेगळे आहेत, आणि ते नाकाला कळतात. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या धान्याचा वास, जिभेवर चवीआधी येणारा कोरा दाह, आणि घोट गिळताच सर्व काही नाहीसे होणे: यांतील पहिला बहुधा गाळताना शेपटीचा भाग उशिरा तोडल्याचे, दुसरा अपुऱ्या मुरण्याचे, तिसरा थकलेल्या पिंपाचे लक्षण असतो. पाण्याचे चार थेंब घातल्यावर चांगला तरुण माल्ट उमलतो; वाईट असेल तर नुसता पातळ होतो. रंगावर भिस्त ठेवू नये, कारण कायद्याने साध्या कॅरमेलचा रंग मिसळण्यास मुभा आहे. अतिशीत गाळणीने द्रव थंडीत गढुळत नाही, पण अंगाचा थोडा भरीवपणाही जातो; ४६ टक्क्यांवर भरलेल्या व्हिस्कीला या गाळणीची गरज नसते. दहा वर्षांच्या निस्तेज माल्टपेक्षा वयाचा उल्लेख नसलेला ४६ टक्क्यांचा माल्ट पुष्कळदा सरस ठरतो. मात्र वय न छापणे हे आपोआप प्रामाणिकपणाचेही लक्षण नव्हे. साठा अपुरा पडला की मोठ्या कंपन्या तोच मार्ग धरतात. २००३ मध्ये कार्डू या सिंगल माल्टचा साठा कमी पडताच इतर आसवन्यांचा माल्ट मिसळून जवळजवळ त्याच वेष्टनात तो 'प्युअर माल्ट' म्हणून विकण्याचा प्रयत्न झाला. व्यापारातूनच विरोध होऊन तो मागे घ्यावा लागला. २००९ च्या नियमांनी पाच प्रकारांची नावे निश्चित करून 'प्युअर माल्ट' हा शब्दच बाद केला, तो या प्रकरणानंतर.

वय हे माप हवामानाच्या सीमेत बांधलेले आहे, याचा अखेरचा पुरावा उष्ण कटिबंधाने पुरविला. बंगळूरच्या अमृत आसवनीने २००४ मध्ये आपला सिंगल माल्ट ग्लासगोत विक्रीस ठेवला; गोव्याचा पॉल जॉन २०१२ मध्ये लंडनच्या बाजारात आला. बंगळूरला पिंपातून वर्षाकाठी दहा टक्क्यांच्या आसपास द्रव उडतो. पाच वर्षांत चाळीस टक्के पिंप रिकामे होते. तेथे बारा वर्षांची व्हिस्की हवी असे म्हणणे म्हणजे रिकामे पिंप मागणे. या आसवन्यांनी वयाचा आकडा बहुधा छापलाच नाही, आणि परीक्षकांनीही तो मागितला नाही.

मुंबईच्या दुकानात मात्र 'परवडणारा' या शब्दाचा अर्थ आजही आसवनीत ठरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने आयात केलेल्या स्कॉचवरील उत्पादन शुल्क उत्पादनमूल्याच्या ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले, तेव्हा एका आदेशासरशी कित्येक माल्ट महागड्या फळीवरून मधल्या फळीवर उतरले. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराने १५० टक्क्यांचे आयात शुल्क प्रथम ७५ व दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरविले आहे. बाटलीतील द्रव या दोन्ही प्रसंगी तोच होता.